वीस नंबरचे दोघे

पेण, १२ जून

सुशील,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहिले असते, पण तू ते परत पाठवणार आणि पुंडलिकच्या टेम्पोला उगाच ओझं. फोन करून बघितला. तू मला अजून ब्लॉकच ठेवलं आहेस. चांगलं आहे, माणसाने एखादी तरी गोष्ट नेमाने करावी.

तेव्हा कामाचं तेवढं लिहितो. डबा बिघडला आहे.

डबा म्हणजे तूच आणलेला, तूच कारखान्याच्या ऑफिसात फळीवर बसवलेला, फायली साठवायचा तो काळा डबा. बाबांचे सगळे फोटो, चाळीस वर्षांच्या साच्यांची चित्रं, डोळ्यांच्या आखणीचे व्हिडिओ, सगळं त्याच्या पोटात. रंगाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ते 'झेड' नावाच्या कप्प्यात दिसायचं. हल्ली तो दिवसभर उघडा ठेवतो म्हणून लक्षात आलं, चालता चालता कप्प्यावर लाल फुली येते आणि खाली पाटी, की नेटवर्कचा मार्ग सापडत नाही. पाऊण तासाने मार्ग आपला आपण सापडतो. मी काही करत नाही. शिव्या देतो, पण त्या मोजत नाहीत.

बाजारपेठेतल्या नितेशला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "शेठ, मदरबोर्ड गेलाय." मी म्हटलं, अरे, डबा उघड तरी. तर म्हणे, "उघडायला कशाला पायजे? तोंडावरून कळतं." हा डॉक्टर झाला नाही हे पेणकरांचं नशीब.

हे सगळं तुला अशासाठी, की अडीचशे मूर्तींची आखणी बाकी आहे आणि गिऱ्हाइकाला 'बाबांचे डोळे' हवे असतात. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नाही. मी काम करताना बाबांचा व्हिडिओ समोर चालू ठेवतो, रेषेचं वळण बघायला. माझा हात ठीक आहे. नजर ठीक आहे. नुसती सवय.

पुंडलिक मंगळवारी आणि शुक्रवारी कोलाडच्या दुकानांत मूर्ती टाकायला येतो, तिथून रोहा काही लांब नाही. त्याच्याकडे उत्तर दे.

आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही.

दिनानाथ

('दादा' अशी सही करणार होतो. मग लक्षात आलं, ते आपण स्वतः लिहायचं नसतं.)


पेण, २१ जून

सुशील,

उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने. मायना नाही, सही नाही. नव्या कागदाचीही माझी लायकी नाही हे समजलं.

तू विचारलंस, डब्यावर काही झाकलंय का.

झाकलं होतं. आता हसू नकोस. पेणमधला माणूस तयार वस्तूवर प्लास्टिक टाकतो. मूर्ती रंगवून झाली की प्लास्टिक, मुकुटाला सोनेरी लागलं की प्लास्टिक. घासकामाची पांढरी धूळ भातात जाते तिथे डब्याचं काय? म्हणून मी त्याला चांगला दोन पदरी कागद गुंडाळून वर सुतळी बांधली होती. गेल्या महिन्यात. तुझं उत्तर वाचून हात लावला तर तवा. त्याच्या मागे पंखा आहे आणि त्याला वारा लागतो, हे तू मला कधी सांगितलं होतंस? सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

पुंडलिक उभाच होता. म्हणतो, "दिनूशेठ, देव श्वास घेत नाय म्हणून चालतंय. यंत्राला गुदमरतं हो."

प्लास्टिक काढलं. पंखा फुंकून साफ केला. दोन तास ठीक चाललं, मग लाल फुली.

मग वायर. ती राउटरजवळ उंदराने कुरतडली होती. गणपतीच्या कारखान्यात उंदीर मारता येत नाही, आणि तो हे जाणून आहे. नवी वायर टाकली, भिंतीवरून वर घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल फुली. मार्ग सापडत नाही.

तुझं तिसरं म्हणणं, कधी जातं त्या वेळा लिहून ठेव. ठेवतो. कंपनीत यंत्रं सांभाळणारी माणसं अशीच बोलतात वाटतं, रोग्याला विचारत नाहीत, तक्त्याला विचारतात.

आणि पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तू लिहिलंयस, 'अक्षर हलतंय का?' पत्र टेम्पोच्या बॉनेटवर लिहिलं होतं. इंजिन चालू होतं.

आता एक मीही विचारतो. पुंडलिक म्हणाला, तू धाटावला कुणाकडे तरी फूटभर मूर्ती सांगून ठेवली आहेस. खरं का? भाऊ वेगळे राहतात, वेगळे जेवतात, कोर्टातसुद्धा जातात. पण गणपती एकच, थोरल्याच्या घरी. धाकट्याने वेगळा आणला म्हणजे मग खरी वाटणी, पुढे शिवायला जागा नाही. गेल्या वर्षी तू आला नाहीस. आईने तुझ्या वाटचे मोदक झाकून ठेवले आणि विसर्जनानंतर गाईला घातले. तेव्हा निदान म्हणता तरी आलं, कंपनीने रजा दिली नाही. वेगळ्या मूर्तीचं काय सांगू?

आईला मी अजून बोललेलो नाही. मूर्ती नको म्हणून सांग त्या माणसाला.

दिनानाथ


पेण, ५ जुलै

सुशील,

मूर्तीबद्दल एक अक्षर नाही. 'वेळा पाठव', एवढंच. पाठवतो.

पहिला आठवडा: रोज दुपारी पावणेचारच्या सुमारास फुली, साडेचारला परत सुरळीत.

दुसरा आठवडा: दुपारी काही नाही. सकाळी अकराला फुली.

या आठवड्यात: सकाळ ठीक, दुपार ठीक, संध्याकाळी पाचला फुली.

रविवारी एकदाही नाही. वेळ बदलते ती सोमवारीच बदलते. वीज गेलेली नसते, पंखे चालू, टीव्ही चालू, फक्त डबा नाहीसा. याला कुणीतरी शिफ्ट लावून दिल्यासारखं वाटतं. मी मनालीला म्हटलं, "डबापण कंपनीत लागलाय वाटतं." ती भाजी निवडत होती. हसली नाही. तुझी वहिनी माझ्या विनोदांना हसत नाही यात नवीन काही नाही, पण यावेळी भाजी न निवडता नुसती चाळवत बसली.

तू विचारतोस, कुठला व्हिडिओ लावतोस. लिहिलं ना, बाबांचा. तेवढ्यावर तुला डब्याचा रोग कळणार आहे का?

आखणी रेंगाळली आहे. चहा हल्ली बशीत ओतत नाही, पेल्यातून पितो. बरं असतं, गरम राहतो.

दिनानाथ


पेण, १६ जुलै

सुशील,

'डबा ठीक आहे. आता शोधू नकोस.'

वा. तीन आठवडे मी शाळेतल्या पोरासारख्या वेळा लिहिल्या, त्या तुला पोचल्या, आणि त्यावर हा निकाल. ठीक असलेला डबा रोज पाऊण तास मरतो कसा, हे मला सांगायचं नाही. माझ्यासारख्या मातीत हात घालणाऱ्याला काय कळणार. तू इन्स्ट्रुमेंटवाला. तुझ्या कंपनीत वायू गळला तर हेच लिहितोस का? वायू ठीक आहे, वास घेऊ नका?

मी सांगतो तुला काय वाटतंय ते. तुला वाटतं मी रखडावं. अडीचशे मूर्ती आंधळ्या राहाव्यात आणि पेणच्या बाजारात लोकांनी म्हणावं, धाकटा गेला आणि कारखान्याची नजर गेली.

म्हणोत. कुणी काय म्हटलं होतं ते सगळं मला पाठ आहे. आता विषय निघालाच आहे, तर होऊन जाऊ दे. मागच्या बाजूला पेन्सिलीने उत्तर लिहायला सोपं जाईल तुला.

तू डावखुरा. बाबांनी तुला आखणीला बसवलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि तू अकरा. मी म्हटलं होतं, बाबा, डाव्या हाताने देवाचे डोळे? बाबा म्हणाले, "देव हात बघत नाय. देव बघायला लागतो तो डोळे आखल्यावर." मला ते तेव्हाही पटलं नाही. कारण मी आखलेला देव भिंतीकडे बघायचा आणि तू आखलेला माणसाकडे. हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग गेल्या वर्षीचा तो मे महिना. पनवेलचा व्यापारी कारखान्यात उभा, तुझ्या हातात शून्य नंबरचा ब्रश, आणि तो म्हणाला, "डाव्या हातानं?" मला एवढंच म्हणायचं होतं की हो, हाच हात. त्याऐवजी मी तुझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "शेठ, हा शिकतोय. डोळे मीच आखतो." चाळिशीच्या माणसाला म्हटलं, सगळ्या कामगारांच्या देखत.

तेवढ्यावर थांबलो असतो तर तूही थांबला असतास. पण त्याच आठवड्यात मी तुझा आखणीचा व्हिडिओ नितेशकडून आरशासारखा फिरवून घेतला. डावा हात उजवा झाला. कारखान्याच्या नेटवरच्या पानावर टाकला आणि खाली माझं नाव. लोकांनी वाहवा केली. मग कुणीतरी लिहिलं, 'दिनूशेठ, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटं का हो?' साऱ्या पेणला दिसलं ते मला दिसलं नव्हतं. मी डोळे बघत होतो, भिंत नाही.

तू भांडला नाहीस. ब्रश रॉकेलमध्ये धुतलास, फडक्याला पुसलास, खोबणीत उभा केलास आणि रोह्याला निघून गेलास. भांडला असतास तर मी दोन दिवसांत माफी मागितली असती. म्हणजे, मागितली असती असं मला वाटतं. त्याऐवजी मी घरात जाहीर केलं, की या घरातून रोह्याला फोन जाणार नाही. मनालीचा मोबाईल रोज संध्याकाळी उघडून बघायचो. हो, तोही पराक्रम केला.

ही माफी नाही. डब्याचं काय ते सांग.

दिनानाथ


पेण, २२ जुलै

सुशील,

डब्याचं काय ते कळलं.

पुंडलिकने कळवलं, त्याच्या नकळत. काल दुपारी गडबजवळच्या खड्ड्यात टेम्पोचा पाटा तुटला म्हणून तो तसाच परत आला. मी विचारलं, शुक्रवारी तरी पत्र पोचेल का? तर म्हणाला, "पोचंल की. पन पाचच्या आदी गेलो तर सुशीलदादा भेटायचा नाय. या हप्त्यात त्याची नाइट हाय. दिवसा झोपतो मानूस, पाचपतुर उठत नाय."

मी विचारलं, "आणि गेल्या आठवड्यात?"

"सेकंड. तवा सकाळचा घरीच व्हता."

"त्याच्या आधी?"

"फष्ट. तीनला सुटतो." मग माझ्याकडे बघून, "काय झालं वो? घाम कशापाय फुटला?"

वहीतल्या वेळा मी तुझ्या शिफ्टशेजारी ठेवल्या. पहिली पाळी, पावणेचार. दुसरी, सकाळी अकरा. रात्रपाळी, संध्याकाळी पाच. डबा रोह्याच्या कंपनीत लागला आहे हा माझा विनोद नव्हता तर. घरातला एकमेव खरा रिपोर्ट होता तो.

पाच वाजले. लाल फुली आली. मी जिना चढलो. चपला खाली काढून, चोरासारखा, माझ्याच घरात.

आईच्या खोलीचं दार लोटलेलं. आत पाटावर तुझा तो जुना लॅपटॉप. डबा यायच्या आधी तू ज्याच्यात फायली ठेवायचास, विंडोज काढून दुसरंच काहीतरी घातलं होतंस, तोच. मला वाटलं होतं माळ्यावर पडलाय. समोर आई चष्मा लावून, मनाली तिच्या मागे. आणि पडद्यावर तुझी पिंकी तोंड वासून पडलेल्या दाताची जागा दाखवत होती.

आई दचकली नाही. म्हणाली, "ये दिनू. बस. पोरीचा दात पडलाय बघ." आणि मग तुला, "अरे सुशील, तू परत अडकलास. तोंड हालत नाय तुझं."

तू अडकला होतास खरा. तोंड अर्धवट उघडं, नजर माझ्यावर. गोठलेल्या माणसाशी नजर भिडवायला सोपं जातं. मी लॅपटॉप मिटला. तुझ्याकडे काय दिसलं असेल? अंधार. थोरल्या भावाचा हात आणि मग अंधार.

"मिटलास ना," आई म्हणाली. "तुझं दुकान चालू झालं असंल बघ खाली. सुशीलनं सांगितलंय मला."

झालं होतं. खाली येऊन पाहिलं, झेडवरची फुली गेली होती. परत वर जाऊन लॅपटॉप उघडला, फुली आली. तीनदा केलं. तुझ्या डब्याची चिकटपट्टी वाचली. तुझ्याच अक्षरात, 'नंबर २०. जुना लॅपटॉप पण २०. दोन्ही एकदम लावू नये.' प्लास्टिक गुंडाळताना मी ती झाकून टाकली होती. फायली नव्या डब्यात हलवल्यास तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरला काही बदलावं लागू नये म्हणून तू डब्याला जुनाच नंबर दिलास, आणि जुन्याचा काढला नाहीस, कारण जुना माळ्यावर जाणार होता. चिकटपट्टीवर 'दोन्ही लावू नये' लिहायला सुचलं, जुन्याचा नंबर पुसायचं मात्र राहिलं. नेटवर्कवर नंबर म्हणजे घराचा पत्ता, आणि एका नंबरावर दोघं. एक उठला की दुसरा बसतो. चुकलास तूही कुठेतरी, हे वाचून मला किती बरं वाटलं, तुला कल्पना नाही.

माझा तक्ता बघताच तू ओळखलंस. म्हणून 'शोधू नकोस'. आईला वाचवत होतास. माझ्यापासून.

मनाली म्हणाली, "मोबाईल तुम्ही रोज तपासत होता. माळा नाही तपासला." चौदा महिने. जेवताना समोर बसायच्या दोघी. मी 'सुशील' म्हटलं की आई मीठ मागायची.

मी आवाज चढवला. म्हटलं, तुमच्यामुळे माझं काम बंद पडतं, बाबांचा हात बघत असतो मी.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला. "मी चहा घेऊन येते ना रे खाली? बाबांचा हात डावा कधी झाला, दिनू?"

दिनानाथ


पेण, ९ ऑगस्ट

सुशील,

तू लिहिलंस, लॅपटॉपचा नंबर बदल, दोन मिनिटांचं काम आहे. पायऱ्याही लिहून दिल्यास. आणि खाली, 'व्हिडिओ माझा लावतोस?'

लावतो. बाबांचा एकच आहे, त्यात बाबांची पाठ दिसते. तुझे एकोणीस आहेत. सरळ, न फिरवलेले. कॅलेंडर नीट वाचता येतं.

आता इंजिन बंद असलेल्या टेम्पोची गोष्ट. माझा उजवा हात हलतो. दिवाळीपासून. पनवेलच्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात, त्यांनी झोप येते आणि हात झोपेतही हलतो. साचा भरता येतो, घासता येतं, अंगाला रंग मारता येतो. शून्य नंबरचा ब्रश धरला की टोक डासासारखं फिरतं. मी मनगट पट्टीवर टेकवून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं, तुझा व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावून सोबत रेष ओढून पाहिली. बुबुळाच्या जागी वाटाणा येतो. तिकडे पावणेचारला तू नाहीसा व्हायचास आणि मला वाटायचं, चला, आता न जमायला कारण तरी आहे. डबा बिघडला ते मला हवंच होतं थोडं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही वाचलं नाहीस असं समज.

अडीचशे मूर्तींना छापील डोळे चिकटवले. स्टिकर. पुंडलिकने टेम्पोत भरताना एकीकडे वाकून बघितलं, दुसरीकडे वाकून बघितलं. "दिनूशेठ, देव कुनाकडंच बगत नाय वो. मालिकेतल्या बाईवानी बगतोय, क्यामेऱ्याकडं." मी म्हटलं, तू गाडी बघ. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. ते मला जास्त लागलं.

नंबर मी बदलला. लॅपटॉपचा नाही, डब्याचा. डबा आता एकवीस. दोन मिनिटांच्या कामाला दीड तास लागला, कारण माझं बोट एका बटणावर टेकतं आणि शेजारची दोन दाबतं. कॉम्प्युटरवरचा झेड पुसून नवा जोडला. वीस आईकडे राहू दे. लॅपटॉप आधीचा आहे, हक्क त्याचा.

आता दोन्ही चालतात. काल अकरा वाजता मी खाली तुझा हात बघत होतो आणि वरून आईचं हसणं ऐकू येत होतं. तुझा हात थांबला नाही. मी मात्र थांबलो. मला वाटलं, कुणीतरी हाक मारेल वरून, ये म्हणून. कुणी मारली नाही. का मारतील? गेल्या वेळी मी पडदा मिटला होता.

धाटावच्या मूर्तीचं तू अजून सांगितलं नाहीस.

दिनानाथ


पेण, २२ ऑगस्ट

सुशील,

पत्रासोबत एक खोकं आहे. पुंडलिकच्या मांडीवर असेल. पुढच्या सीटवर बसून यायचं आणि गाडी चुलतभावाला चालवायला द्यायची, असं त्याला बजावलं आहे.

आत आपल्या घरचा गणपती आहे. दीड फूट, शाडूचा. माती आईने मळली. अंग, सोंड, बोटं मी केली. बोटं जरा जाड आहेत. रंग मनालीने दिला. डोळे नाहीत. घरच्या मूर्तीला स्टिकर लावायला आई तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही. एक लावून पाहिला. तो माझ्याकडे बघेना, म्हणून सोलून काढला.

आईला काल धाटावची मूर्ती सांगितली. तिला माहीत होती. पिंकीने दाखवली होती म्हणे, पडद्यावरच. या घरात मला कळतं ते टेम्पोने कळतं. आई एवढंच म्हणाली, "त्यानं दुसरा देव का आनला ते तू मला विचारतोस व्हय?"

तर आता ऐक. डोळे आख. मग मूर्ती परत पाठवायची की तिथेच बसवायची, ते तू ठरव. बसवलीस तर आई आणि मनाली रोह्याला येतील, त्यांच्या पिशव्या भरलेल्या आहेत, मी पाहिल्या. मी कारखान्याला कुलूप लावून मागाहून येईन. धाकट्याच्या घरी थोरला हात जोडून उभा, हे बघायला धाटावचे तुझे मित्र जमव. मला चालेल. चालणार नाही, पण येईन. फक्त ती दुसरी मूर्ती बसवू नकोस. ज्याने केली त्याला माघारी दे, नाहीतर शेजारी दे. एका नंबरावर दोघं बसवून काय होतं, ते वर्षभर पाहिलं.

कारखान्याच्या पानावर तुझा व्हिडिओ पुन्हा टाकला आहे, सरळ. खाली तुझं नाव. अर्ध्या तासात एकाने लिहिलं, 'देवाचे डोळे डाव्या हाताने?' मी उत्तर टाइप केलं, 'हो, हाच हात.' तीन शब्दांना किती चुका झाल्या ते विचारू नकोस. दुरुस्त करून पाठवलं.

डोळे न आखलेली मूर्ती उघडी नेऊ नये असं बाबा म्हणायचे, म्हणून तोंडावर रुमाल बांधला आहे. पुंडलिकने विचारलं, "दिनूशेठ, रस्ता दिसू नये म्हनून काय वो?" मी म्हटलं, नागोठण्यापर्यंतचा रस्ता देवाने न पाहिलेला बरा.

यावेळी कागदाच्या मागे पेन्सिलीने काही लिहू नकोस. दोन डोळे आख. ते कुणाकडे बघतात त्यावरून मला कळेल.

दादा